कुलूप उघडेपर्यंत

आमदारांच्या हातातला मोसंबीच्या रसाचा ग्लास नानांच्या ओठाला लागला आणि मांडवात टाळ्या झाल्या. बाहेर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. फोटोवाला ओरडला, "नाना, जरा इकडं बघा. अजून एक घोट."

नानांनी अजून एक घोट घेतला, डोळे मिटले आणि लोकांकडं बघून हात जोडले.

मग दुसरा ग्लास माझ्यासमोर आला.

"घ्या ताई," आमदार वाकून म्हणाले. नऊ दिवस पोटात पाण्याशिवाय काही नसलं की माणसाचं नाक कुत्र्यासारखं तिखट होतं. त्यांचं अत्तर, ती मोसंबी, मागं उभ्या असलेल्या कुणाच्या तरी तोंडातला तंबाखू, सगळे वास मला वेगवेगळे येत होते.

"कुलूप उघडलं का?" मी विचारलं.

माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला नसावा. त्यांनी कान पुढं केला. मी पुन्हा विचारलं.

"लेखी आश्वासन दिलंय ना ताई. नानांच्या हातात दिलंय. तीन महिन्यांच्या आत..."

"म्हणजे उघडलं नाही."

"शालनताई," नाना शेजारून म्हणाले. त्यांच्या मिशीला रस लागला होता. "लढा जिंकलाय आपण. लोकांसमोर तमाशा नको. घ्या."

मी तोंड फिरवलं. आमदारांनी ग्लास थोडा वेळ तसाच धरला, मग मागच्या कार्यकर्त्याकडं दिला. त्या पोराला तहान लागली असावी, त्यानं तो तिथंच पिऊन टाकला.

ही गोष्ट आमच्या मेढेगावची. तालुक्याचं गाव, पण घाटावर, डोंगराच्या कुशीत. जिल्ह्याला जायचं तर घाट उतरून दोन तास. गावाबाहेर याच रस्त्यावर सरकारनं ग्रामीण रुग्णालय बांधलं होतं. पिवळी भिंत, निळी दारं, फरशी बसवलेली, खाटा आलेल्या. फीत कापली, पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं. डॉक्टरांची पदं मंजूर नाहीत, म्हणाले. दोन वर्षं कुलूप तसंच होतं. त्या दोन वर्षांत माझी धाकटी जाऊ वनिता गेली. पहिलटकरीण होती. पोटातलं बाळही गेलं. चार महिन्यांत माझ्या दिरानं दुसरी बायको आणली आणि घरातल्या सगळ्यांनी वनिताचं नाव घेणं बंद केलं. मी नाही केलं.

मी शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, ब्लाऊज, परकर. भाषण वगैरे मला जमत नाही. पण नाना खबाले एकदा आमच्या गल्लीत आले आणि म्हणाले, "दवाखान्यासाठी आमरण उपोषणाला बसतोय, घाटावरच्या एका तरी बाईनं माझ्याबरोबर बसलं पाहिजे." तेव्हा मी मशीनवरून उठले आणि "मी बसते" म्हणाले. नाना पंचायत समितीचे माजी सदस्य. बोलायला तरबेज. त्यांच्या पुतण्याचं बाजारपेठेत खत-बियाण्यांचं दुकान होतं, रुग्णालयाच्या बांधकामाचा ठेकाही त्याच पुतण्याकडं होता. नानांना तालुक्यात मान होता. माझ्या नवऱ्यानं, भगवाननं, फक्त एवढंच विचारलं, "किती दिवस?" मी म्हणाले, "कुलूप उघडेपर्यंत." तो एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहे. जास्त बोलत नाही. त्या दिवसापासून रोज ड्यूटी संपली की येऊन मांडवाबाहेर उभा राहायचा.

आम्ही दोघं तहसील कचेरीसमोर बसलो. फक्त पाणी.

लोकांना वाटतं उपाशी माणसाला भुकेचा त्रास होतो. मला पहिले दोन दिवस चहाचा त्रास झाला. डोकं असं ठणकायचं की कपाळावर ओढणी आवळून बांधावी लागायची. जिभेवर पांढरा थर, तोंडाला लोखंडासारखी चव. तिसऱ्या दिवशी भूक निघूनच गेली. आणि मग एक विचित्र हुशारी अंगात आली. डोळ्यांना स्वच्छ दिसायला लागलं, अंग हलकं वाटायला लागलं. तहसीलच्या भिंतीवरचे पोपडे मोजता येतील असं वाटायचं. मला वाटलं, आता मी उठून सरळ घाट उतरून जिल्ह्याला चालत जाईन.

आम्हाला तपासायला शेजारच्या गावच्या आरोग्य केंद्रातून एक डॉक्टरीणबाई यायची. तस्नीम मुजावर. नुकतीच नोकरीला लागलेली, सत्तावीस-अठ्ठावीसची. मी तिला ही हुशारी सांगितली तेव्हा ती हसली नाही.

"फसू नका ताई. शरीरातला साठा जाळून चाललंय हे. साठा संपला की एकदम बसाल. उठताना हळू उठा आणि पाण्यात चिमूटभर मीठ तरी टाका."

"मीठ चालतं उपोषणात?"

"तुम्ही मरून चालतं का?" ती माझ्या दंडाला पट्टा बांधत म्हणाली.

तिचं खरं झालं. ती हुशारी दीड-दोन दिवस टिकली आणि मग कुणीतरी बूच काढल्यासारखी अंगातून वाहून गेली. दिवसभर मशीनवर पाय मारणारी मी, मला कुशीवर वळायचं म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागायची. पाण्याचा ग्लास दोन हातांनी धरायचा. केसात कंगवा घातला तर दोनदा ओढून हात खाली पडायचा. उठून बसलं की छातीत कोंबडी फडफडल्यासारखं व्हायचं आणि डोळ्यांपुढं काळं यायचं. वैशाखाच्या उन्हात मी घोंगडी पांघरून थरथरत होते.

आणि नाना माझ्या शेजारी बसून माईकवर तास-तासभर बोलत होते.

"इच्छाशक्ती लागते ताई," ते मला म्हणायचे. "शरीर काय, शरीर मनाचं ऐकतं. तुम्ही मनानं खचताय."

मला लाज वाटायची. वाटायचं, एवढा पन्नाशीचा माणूस ताठ बसलाय आणि आपण चौतिशीच्या, आपल्यात काही दमच नाही. वनितासाठी एवढंही होत नाही आपल्याच्यानं.

मग एका दुपारी माझं पाणी संपलं. सगळे पेंगत होते. नानांची बाटली त्यांच्या उशाला होती. त्यांचं पाणी घरून यायचं, पुतण्या आणायचा. मी हात लांबवून ती घेतली आणि एक घोट घेतला.

पाणी गोड होतं.

साखरेचं आणि कसल्यातरी पावडरीचं. घोट तोंडात होता, जीभ वेड्यासारखी त्याला धरून बसली. नुसत्या त्या चवीनं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तो घोट मांडवाच्या कडेला मातीत थुंकला. चूळ भरायलाही माझ्याकडं पाणी नव्हतं. बाटली होती तिथं ठेवली आणि नानांकडं बघत राहिले. ते घोरत होते.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पेपरात तेच आलं असतं आणि रुग्णालय बाजूला राहिलं असतं. पण त्या दिवसापासून मला लाज वाटायची बंद झाली. त्या जागी राग आला. पोटात अन्न नसताना राग कशावर चालतो मला माहीत नाही, पण चालत होता. नाडी मंद होत होती, हात उचलत नव्हता, आणि राग मात्र रोज सकाळी ताजा उठायचा.

तर त्या दिवशी आमदार गाडीत बसून गेले. नाना फुलांच्या हारात घरी गेले, चालत. मिरवणूक निघाली, मी तिचा आवाज बाजारपेठेच्या वळणापर्यंत ऐकला. तासाभरात मांडववाला आला. भला माणूस होता, पण दुसऱ्या दिवशी त्याच्याकडं एका लग्नाची ऑर्डर होती आणि भाडं नाना देणार होते, माझ्यासाठी कुणी देणार नव्हतं. पोरांनी कनाती सोडल्या, बांबू उपटले. वरचं कापड निघालं आणि ऊन थेट माझ्या तोंडावर आलं. "आमरण उपोषण" लिहिलेला फलक त्यांनी गुंडाळून नानांच्या घरी पाठवला.

"ताई, जरा सरकता का?" मांडववाला ओशाळून म्हणाला. "सतरंजी आपली आहे."

भगवान ड्यूटीवर होता. मला सरकता येईना. दोन पोरांनी मला खांद्याला धरून बाजूच्या पारावर नेऊन ठेवलं. पिंपळाची सावली होती थोडी.

तिथंच आत्ती आली. आत्ती म्हणजे माझी सासू. नऊ दिवसांत एकदाही फिरकली नव्हती. माझं उपोषणाला बसणं तिला मान्य नव्हतं, बायकांनी कचेरीपुढं आडवं पडणं म्हणजे तिच्या लेखी घराण्याची अब्रू गेली. हातात छत्री घेऊन ती तरातरा आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"सुटला न्हवं त्यो नानाचा उपास? मग तू कशापाय पडलीयास?"

"कुलूप उघडलं नाही आत्ती."

"एक सून गेली ती पुरं न्हाई व्हय? दुसरी पन आणायची का म्या घाटाखालनं पांढऱ्यात गुंडाळून?"

"घरी जा आत्ती."

"तू सांगू नगंस मला." ती माझ्याजवळ बसली. माझ्या पायाला हात लावला. पाय गार पडले होते. तिनं पदरानं पाय चोळायला सुरुवात केली आणि चोळता चोळता शिव्या द्यायला लागली. आधी मला, मग नानाला, मग स्वतःच्या धाकट्या पोराला, ज्यानं चार महिन्यांत दुसरी आणली. वनिताचं नाव मी तिच्या तोंडून तेव्हा वर्षभरानं ऐकलं. "माजी वनिता," ती म्हणाली. मग पुन्हा शिव्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तहसीलदार खाली उतरून आले. बरोबर दोन पोलीस आणि रुग्णवाहिका. डॉक्टर तस्नीम रुग्णवाहिकेतून उतरली. भगवान रात्रभर पारावरच होता.

"बाई, तुमच्याबरोबरच्या माणसानं उपोषण सोडलं, शासनानं मागणी मान्य केली," तहसीलदार म्हणाले. "आता तुम्ही जे करताय ते आंदोलन नाही, तो आत्महत्येचा प्रयत्न होतो. कलम आहे त्याला. तुम्हाला जिल्हा रुग्णालयात दाखल करतोय."

"इथल्या रुग्णालयात करा," मी म्हणाले.

"काय?"

"साहेब, इथं रुग्णालय आहे. दोन किलोमीटरवर. तिथं दाखल करा."

ते माझ्यावर नाही, पोलिसांवर चिडले. "उचला यांना."

उचललं. खरं तर मला उचलायला पोलीस लागलेच नसते. भगवाननं एकट्यानं दोन हातांवर घेतलं आणि रुग्णवाहिकेत ठेवलं. आत्ती न विचारता आत चढली. तहसीलदारांची जीप पुढं निघाली.

गाडीत डॉक्टर तस्नीमनं माझं मनगट धरलं, घड्याळाकडं बघत राहिली. मग परत मोजलं. मग छातीला नळी लावली. तिचा चेहरा बदलला.

"गाडी थांबवा," ती ड्रायव्हरला म्हणाली.

"मॅडम, साहेब पुढं..."

"हॉर्न द्या. थांबवा त्यांना पण."

आम्ही कुठं थांबलो ते मला पडून दिसत नव्हतं. आत्तीला दिसलं. तिनं खिडकीतून बघितलं आणि तोंडावर पदर घेतला. तेव्हा मला कळलं की आम्ही त्या फाटकासमोर आहोत.

वनिताला आम्ही ट्रॅक्स जीपमधून इथं आणलं होतं. पहाटेपासून कळा येत होत्या, सुईणीनं हात टेकले होते. घाटाकडं जाताना हे फाटक लागलं. वनिता माझ्या मांडीवर होती. सातवी शिकलेली, तिला वाचायची हौस, रस्त्यानं जाताना दुकानाच्या पाट्या वाचायची. तिनं मान उचलून बाहेर बघितलं आणि त्या तसल्या कळांमध्ये मोठ्यानं वाचलं, "प्रसूती विभाग." मग माझ्याकडं बघून हसली. "आलो न्हवं अक्का?" ड्रायव्हरनं उतरून फाटक वाजवलं, हाका मारल्या, दगडानं कुलूप ठोकलं. कुणी आलं नाही. त्यानं गाडी घाटाकडं वळवली. वनिता पाटीकडं बघत राहिली. "अक्का, फुडं का चाललोय? आलो की आपण." घाटाच्या तिसऱ्या वळणापर्यंत ती मला हेच विचारत होती. तिसऱ्या वळणानंतर काहीच विचारलं नाही.

बाहेर आवाज चढले होते.

"साहेब, नाडी चाळीसच्या खाली गेलीय. ठोके चुकतायत," डॉक्टर तस्नीम सांगत होती. "दोन तास घाट. रस्त्यात बंद पडली तर या गाडीत माझ्याकडं सलाईनशिवाय काही नाही."

"मग तुमच्या आरोग्य केंद्रात न्या."

"ते उलट्या बाजूला, तासावर. रस्ता खोदलाय. मला आत्ता खाट पाहिजे, सलाईन लटकवायला जागा पाहिजे आणि वीज पाहिजे. हे सगळं या भिंतीच्या आत आहे."

"किल्ली बांधकाम खात्याकडं असते. परवानगी..."

"ठीक आहे. आपण घाट उतरू. पण त्या गेल्या तर मी लिहिणार की वाटेत रुग्णालय होतं आणि ते उघडायला तहसीलदारांनी नकार दिला. तुमचं नाव पूर्ण काय साहेब?"

मग तहसीलदारांनी फोन लावला. बांधकाम खात्याच्या माणसानं सांगितलं, किल्ली ठेकेदाराकडं. ठेकेदाराला, म्हणजे नानांच्या पुतण्याला, फोन लावला. तो म्हणाला, किल्ली सापडत नाही, बघावं लागेल, दोन दिवस द्या.

भगवान इतका वेळ रुग्णवाहिकेच्या दाराशी उभा होता. तो तहसीलदारांजवळ गेला. "साहेब, तुमच्या जीपमधी जॅकची पहार हाय का?" एवढंच बोलला. उत्तराची वाट न बघता त्यानं स्वतःच मागचं दार उघडून ती काढली. तहसीलदारांनी पोलिसांकडं बघितलं. पोलिसांनी रस्त्याकडं बघितलं. फाटकाचं कुलूप दुसऱ्या फटक्याला तुटलं, आतल्या दाराचं पहिल्याच.

मला स्ट्रेचरवर आत नेलं. दार उघडल्याबरोबर नाकात झिणझिण्या आल्या. तिखट, डोळ्यांत पाणी आणणारा वास. दवाखान्याचा नव्हता तो.

"हे काय आहे?" डॉक्टर तस्नीम नाकाला ओढणी लावत म्हणाली.

प्रसूती विभागात खाटा भिंतीला लावून उभ्या केल्या होत्या आणि जमिनीपासून खिडकीपर्यंत युरियाची पोती रचली होती. थप्पीवर थप्पी. बाळंतिणीच्या टेबलावरसुद्धा चार पोती आडवी टाकलेली. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.

त्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यात युरिया मिळत नव्हता. पेरण्या तोंडावर आल्या होत्या, लोक पहाटेपासून खबाल्यांच्या दुकानापुढं रांगा लावत होते आणि पुतण्या सांगत होता, माल नाही, वरूनच आला नाही. फाटकाचा आवाज ऐकून शेजारच्या शेतातली, रस्त्यावरची माणसं आत आली होती. त्यांनी पोती बघितली. एक म्हातारा पोत्याला हात लावून म्हणाला, "काल चार तास रांगंत हुतो की रं मी." मग सगळे एकदम बोलायला लागले.

मी स्ट्रेचरवर पडून ती पोती बघत होते. दोन वर्षं कुलूप का निघत नव्हतं, ते आता समोर रचलेलं होतं. वनिता ही पाटी वाचत होती तेव्हाही आत पोतीच असणार. आणि नाना याच कुलपासाठी माझ्या शेजारी उपोषणाला बसले होते, तीन महिन्यांच्या आश्वासनावर उठले होते. तीन महिन्यांत पेरण्या होऊन माल विकून जागा मोकळी झाली असती.  

एक छोटी खोली मोकळी होती. तिथं एका खाटेवर मला ठेवलं, सलाईन लावलं. खिळा नव्हता म्हणून बाटली तहसीलदारांनी हातात धरली. डॉक्टरीणबाईनंच सांगितलं, "साहेब, उंच धरा." ते धरून उभे राहिले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. सूर्य डोक्यावर आला असावा. थंडी थोडी कमी झाली. आत्ती माझे पाय मांडीवर घेऊन बसली होती.

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. एका वाडीवरची अडलेली बाई घाटाखाली चालली होती. फाटक उघडं, आत गर्दी, डॉक्टरीण दिसतेय म्हटल्यावर ड्रायव्हरनं गाडी आत घातली. तिची सासू पुढं धावत आली. जाडजूड, घामानं चिंब. माझी खाट बघून तिनं माझ्या दंडाला धरून हलवलं.

"अगं ए बाई, ऊठ की! हितं पोरगी मराया लागलीया आन् ही बघ लोळतीया. धडधाकट दिसतीस की."

आत्ती तिच्या अंगावर धावून गेली. मी आत्तीचा पदर धरला.

"उठते," मी म्हणाले.

"उठता येईल?" डॉक्टर तस्नीमनं विचारलं. तिच्याकडं दुसरा उपाय नव्हता, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

आधी एक पाय खाली सोडला. मग दुसरा. काळं आलं, गेलं. तहसीलदार बाटली घेऊन माझ्यामागून चालले. भिंत धरत मी खोलीबाहेर व्हरांड्यात आले आणि भिंतीला टेकून बसले. माझ्या गरम झालेल्या खाटेवर ती पोरगी झोपली. वनितापेक्षा लहान होती.

थोड्या वेळानं आतून डॉक्टरीणबाईचा आवाज आला. "मला मोठं टेबल पाहिजे. ती पोती काढा तिथून. सगळी काढा, खिडक्या उघडा. आत्ता!"

आणि नेमके तेव्हाच नाना आले. कुणीतरी बातमी पोचवली असणार. पांढरा झब्बा, कपाळावर कालचा गुलाल अजून होता. लोक त्यांच्याकडं वळले, पण कुणी काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केले. बोलायला तरबेज माणूस. पुढं तो जिल्हा परिषदेवर निवडून आला, आज रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी आहे, "नाना खबाले यांच्या आमरण उपोषणामुळे" अशी. ते सगळं खरं आहे. पण त्या दुपारी मी त्या व्हरांड्यात होते.

"मंडळी, गैरसमज होतोय," नाना मोठ्यानं म्हणाले. "माल सुरक्षित ठेवला होता, शेतकऱ्यांसाठीच. ताई, तुम्ही तरी सांगा यांना..."

"नाना," मी म्हणाले. "आत बाई अडलीय. हळू बोला."

त्यांनी वर केलेले हात खाली घेतले.

"चप्पल काढा आणि आत जा. टेबलावरची पोती उचला."

त्यांनी आजूबाजूला बघितलं. माणसं होती, पण कुणी पुढं झालं नाही. भगवान दाराशी उभा होता, तोही हलला नाही.

"ताई, अहो," नाना आवाज खाली आणून, समजुतीच्या सुरात म्हणाले, "कालच सुटलाय माझा उपास. नऊ दिवस. अंगात ताकद कुठली? पन्नास किलोचं पोतं..."

मी भिंतीला हात लावला. मनगटातली सुई ओढली गेली, रक्त आलं. तहसीलदार "अहो बाई" म्हणाले. मी उभी राहिले. प्रसूती विभागाच्या दारातून आत गेले, टेबलाजवळ. डोळ्यांत युरिया झोंबत होता. पहिल्या पोत्याचे दोन कान मी मुठीत धरले.

"माझा अजून सुटायचाय, नाना," मी म्हणाले. "या. तिकडून धरा."

ते आले. त्यांनी धरलं.